आक्काच्या पानावरचे तीन बाण

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं संपादकांनी मला याआधी दोनदा सुचवलं आणि दोन्ही वेळा मी लिहून दिल्या. एकदा विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट लिहिली, एकदा दवाखान्याच्या पत्र्यावर चढून बसलेल्या शेळीची. दोन्ही खऱ्या होत्या, लोकांना आवडल्याही. पण दोन्ही वेळा जे लिहायला हवं होतं ते बाजूला ठेवलं. ते मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. आता वय एकाहत्तर आहे. या वर्षी तेच लिहितो.

निमित्त नातीचं झालं. ईश्वरी नांदेडला कॉलेजात शिकते. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा मोबाईल पुढे धरून म्हणाली, "आबा, मला अभ्यासाचं नियोजन करायचंय. छापील प्लॅनर घेऊ की बुलेट जर्नल?"

"बंदुकीचं काय असतं त्यात?"

"बंदूक नाही हो आबा! कोरी वही असते. तारखा छापलेल्या नसतात. आपणच खुणा करायच्या. हे बघा, टिंब म्हणजे करायचं काम, फुली म्हणजे झालं, बाण म्हणजे पुढे नेलं. परदेशात निघालंय हे."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. टिंब, फुली, बाण. या तीन खुणा मी बावीस वर्षं रोज पाहत होतो, आणि त्या परदेशातून आलेल्या नव्हत्या. चौथी शिकलेल्या एका माणसाने त्या औंढा नागनाथहून दहा किलोमीटर आत, कडुनिंबाखालच्या बाकावर बसून स्वतःच्या सोयीसाठी काढल्या होत्या. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. ती माझ्याकडे असायला नको होती.

आधी कामाबद्दल थोडं सांगतो. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. आमचा दवाखाना श्रेणी दोनचा, म्हणजे तिथे पदवीधर डॉक्टर नसतो, पदविकेवाला माझ्यासारखा पर्यवेक्षक असतो. गावातले लोक मला डॉक्टर म्हणत. मी कधी दुरुस्ती केली नाही. हाताखाली एक परिचर. जनावर खोड्यात, म्हणजे लाकडी चौकटीत अडकवून घेणं, पाय धरणं, सुया उकळणं, झाडलोट करणं ही त्याची कामं. लस टोचायचा अधिकार त्याला नाही आणि लसीच्या फ्रिजची किल्ली माझ्या खिशात. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे कुणीही विचारेल की मग तो स्वतःच का गेला नाही.

आमच्या धंद्यातली अवघड गोष्ट औषध देणं नाही. ते शिकता येतं. अवघड आहे ते पुन्हा जाणं. जनावर एकदा पाहून भागत नाही. टाका दहा दिवसांनी काढायचा, गाभण तीन महिन्यांनी तपासायची, एका लशीनंतर दुसरी पंधरा दिवसांनी द्यायची. बोलता येत नाही असा रोगी आणि पाऊस-पेरणीत अडकलेला मालक. दोघांपैकी कुणीच आठवण करून देत नाही. आठवण दवाखान्यानेच ठेवायची. मी ती डायरीत ठेवायचो आणि माझा परिचर काशिनाथ त्याच्या वहीत.

डायरी मला औषध कंपनीचा प्रतिनिधी दरवर्षी आणून द्यायचा. मरून रंगाचा रेक्झिनचा पुठ्ठा, रेशमी फीत, दर दिवसाला एक पान, पानावर सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तासांच्या रेघा. डिसेंबर आला की मी त्या माणसाची वाट पाहायचो. नवी डायरी उघडली की वाटायचं, येणारं वर्ष कुणीतरी आपल्यासाठी आखून ठेवलंय.

काशिनाथची वही म्हणजे दुकानात मिळणारी शंभर पानी. वर ट्रॅक्टरचं चित्र. तो मेंढपाळाच्या घरातला. अक्षर ओळखायचा, पण लिहायचा कंटाळा, म्हणून खुणा. त्याच्या वहीत दिवसाला पान नव्हतं, घराला पान होतं. एका पानावर एक घर, एक गोठा किंवा एक कळप. करायचं काम आलं की टिंब. झालं की त्यावर फुली. राहिलं की पुढे बाण काढून नवं टिंब. लशीचा पहिला डोस झाला की टिंबाभोवती अर्धा गोल, दुसरा झाला की गोल पूर्ण. वही चाळताना अर्धा गोल दिसला की तो उठायचाच.

मी एकदा विचारलं, "तारीख का लिहीत नाहीस रे?"

"तारीख आपल्याला लागते साहेब. मेंढराला काहून पायजे?"

डायरीची बाजूही सांगायला हवी. लाळ-खुरकताच्या लशीची मोहीम असली की पंचवीस गावं, ठरलेली तारीख, ठरलेल्या बाटल्या. तिथे डायरी चोख काम करायची. आणि वहीचा दोष असा की ती एकट्या काशिनाथलाच वाचता यायची. एकदा तो तापाने आठवडाभर झोपून होता तर मी ती वही उलटी-सुलटी करून पाहिली, टिंबांपलीकडे काही कळलं नाही. त्यामुळे कुणी विचारलं की चांगलं काय, तर मी त्या काळी ठामपणे डायरी म्हणालो असतो. म्हणायचोही.

ग्यानबाच्या म्हशीने मात्र मला एकदा चारचौघांत गप्प केलं होतं. म्हैस साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. मी हिशेब करून डायरीतलं पान काढलं आणि त्याला रेतनाची तारीख दिली. तो त्या दिवशी तीन कोसांवरून म्हैस घेऊन आला. म्हैस खोड्यात उभी राहून शांतपणे रवंथ करत होती.

"अरे, ही माजावर नाहीच."

"व्हती ना. परवा व्हती. रात्रंदिवस वरडून राहिली व्हती."

"मग परवा आणायची!"

"परवा मी इचारायला आलो तर तुमी म्हनले, डायरीत शुक्रवार हाय, शुक्रवारी आन. आता तिला काय डायरी वाचता येते व्हय साहेब?"

बाकावरची माणसं हसली. काशिनाथ पाठ फिरवून सुया धुऊ लागला, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले. नंतर कळलं, त्याच्या वहीत त्या म्हशीच्या पानावर एकोणीस छोट्या रेघा होत्या. ती म्हैस आधीच्या दोन वेळांनाही एकोणिसाव्या दिवशीच माजावर आली होती. त्याने मला सांगितलं का नाही? मी विचारलं नव्हतं.

माझ्या निवृत्तीला चारेक वर्षं उरली असताना जिल्ह्याहून तपासणी आली. आलेल्या अधिकाऱ्यांनी माझी डायरी चाळली आणि म्हणाले, "वा, अशी शिस्त पाहिजे." मग बाकावरची ट्रॅक्टरची वही उचलली. दोन-चार पानं उलटली. "हे काय, रांगोळी?" असं म्हणून हसले. सोबतचे हसले. मीही हसलो. काशिनाथ चहाचे कप घेऊन उभा होता.

ते गेल्यावर मी त्याला सांगितलं, "आजपासून ही वही बंद. जे असेल ते मला सांगायचं, मी डायरीत घेईन."

"बराबर हाय साहेब," तो म्हणाला. वही त्याने पिशवीत टाकली. ती बंद केली नाही, हे मला माहीत होतं. समोर दिसत नाही एवढं मला पुरे होतं.

आता आक्काबद्दल. रुक्मिणबाई ही काशिनाथची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला हिनेच वाढवलं. तिचा साठ-पासष्ट मेंढ्यांचा कळप होता. आमच्या भागात शेतकरी उन्हाळ्यात रानात मेंढ्या बसवून घेतात. जाळीच्या कुंपणात कळप चार-सहा दिवस त्या रानात मुक्काम करतो, रानाला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य. मग कळप पुढच्या रानात. म्हणजे कळपाला पत्ता नसतो. तेव्हा त्यांच्याकडे मोबाईलही नव्हते. कुठला कळप कुठे बसलाय हे बाजाराच्या दिवशी माणसांकडून कळायचं, आणि ते काशिनाथला कळायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढ्यांना आंत्रविषाराची लस देतात. पाऊस पडून कोवळं गवत उगवलं की मेंढी हावरटासारखी खाते, आतड्यात विष तयार होतं आणि चांगली धष्टपुष्ट मेंढी काही कळायच्या आत पाय झाडून मरते. ज्यांना आधी कधी लस दिलेली नाही त्यांना दोन डोस लागतात, पंधरा दिवसांच्या अंतराने. एका डोसाने काम होत नाही. आक्का लशीला भ्यायची. टोचलं की मेंढी गाभ टाकते असं तिच्या मनात बसलेलं. त्या वर्षी काशिनाथने तिच्या मागे लागून तिला तयार केलं. "आक्का, मी हाय ना. माझ्या जिम्म्यावर दे," असं तो माझ्यासमोर म्हणाला होता. त्याच्या जिम्म्यावर तिने कळप पुढे केला. पहिला डोस मी स्वतः टोचला. डायरीत पंधरा दिवसांपुढचं पान काढलं आणि लिहिलं : रुक्मिणबाई, मेंढ्या, दुसरा डोस. पुढे गावाचं नाव.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी काशिनाथ म्हणाला, "साहेब, आक्काचा कळप उद्या दुपारून तिथून हालून राहिला. सकाळीच जाऊन येऊ."

"उद्या हिंगोलीला बैठक लागली आहे."

"मंग आज जाऊ."

"डायरीत उद्या आहे. बैठकीहून आल्यावर बघू."

बैठकीहून संध्याकाळी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फीत पुढच्या पानावर टाकली. त्या पानावर दुसरी कामं लिहिलेली होती आणि मी ती केली. छापलेल्या पानाचा हा गुण मला तेव्हा कळला नव्हता. ते उलटलं की त्यावरचं काम संपल्यासारखं वाटतं. झालं नसलं तरी.

चार-पाच दिवसांनी बाजाराहून आल्या आल्या काशिनाथ टेबलापाशी उभा राहिला. "आक्का सेनगावच्या वाटेला बसली. रान म्हाईत झालं. आज गेलो तर सापडंल, दोन दिवसांनी पुन्हा हालंल."

मी म्हणालो, "आज आणलेली लस दुसऱ्या गावाची आहे." ते खोटं नव्हतं. पण फ्रिजमध्ये आणखी दोन बाटल्या होत्या.

तिसऱ्या वेळी पाऊस होऊन आठवडा झाला होता. त्याने पिशवीतून वही काढली आणि माझ्या उघड्या डायरीवर ठेवली. आक्काचं पान. वर अर्धा गोल. त्याच्या पुढे बाण. मग टिंब, पुन्हा बाण. मग टिंब, आणि तिसरा बाण, शाई अजून ओली.

"काय आहे हे?"

"अर्ध्याच डोसाच्या हायेत साहेब त्या. रानात हिरवं उगवून राहिलं."

"काशिनाथ, ही वही बंद करायला सांगितली होती ना? आणि आता तू मला कामं सांगणार का?"

"तसं न्हाई साहेब."

"डायरीत आहे ते होईल."

मी वही मिटली आणि टेबलाच्या खणात टाकली. त्याने हात पुढे केला होता, तो मागे घेतला. त्या वेळी मला राग वहीचा आला होता. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला असंच सांगितलं. खरं म्हणजे तो बरोबर होता आणि ते त्याला माहीत होतं, याचा राग होता.

तीन दिवसांनी सकाळी आक्काचा नवरा सायकलवर आला. आम्ही पोचलो तेव्हा नऊ मेंढ्या पडलेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत एकोणीस. मी दोन फाडून पाहिल्या. आत आंत्रविषारात जे दिसतं तेच होतं. उरलेल्यांना लस टोचली, कोवळ्या गवतावरून हलवायला सांगितलं. आक्का मेलेल्या मेंढ्यांच्या मधोमध उभी होती. ती रडत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरला काय विचारणार? तिने भावाला विचारलं.

"काश्या, तुझ्या जिम्म्यावर दिल्या व्हत्या मी. तुला एवढं न्हाई ध्यानात राहिलं?"

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी हातमोजे काढत होतो. रबरी हातमोजे ओले असले की बोटांना चिकटतात, एकेक बोट सोडवत काढावे लागतात. मी ते फार काळजीपूर्वक काढले.

"बोल ना! तोंड काहून शिवलं?" आक्का म्हणाली.

"चुकलं आक्का," तो म्हणाला.

मेंढपाळ तक्रार घेऊन तालुक्याला गेले, म्हणून चौकशी झाली. चौकशीचे अधिकारी भले होते. त्यांनी डायरी मागितली. दुसऱ्या डोसाची नोंद योग्य तारखेला होती. त्यांनी विचारलं, मग डोस का झाला नाही. मी निळ्या शाईने लिहून दिलं : सदर दिनांकानंतर कळप जागेवर नव्हता; कळपाच्या स्थलांतराबाबत परिचराने माहिती दिली नाही.

"परिचराकडे काही वही-रजिस्टर असतं का?"

"नाही," मी म्हणालो. वही माझ्या गुडघ्यापाशी, खणात होती.

त्यांनी काशिनाथला बोलावलं. "तू साहेबांना कळवलं होतंस का?"

काशिनाथ पुन्हा माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या मते त्याला अजूनही वाटत होतं की मी बोलेन. मग तो म्हणाला, "साहेब म्हनतील तसं."

त्याच्या सेवापुस्तकात ठपका आला. व्रणोपचारकाच्या पदासाठी, म्हणजे ज्याला आम्ही ड्रेसर म्हणतो त्यासाठी, त्याचं नाव यादीत होतं, ते निघालं. बदली वारंगा फाट्याकडच्या दवाखान्यात झाली. हे सगळं कागदावरचं. कागदावर न आलेलं असं की आक्काने त्याला कातरणीला बोलावणं बंद केलं. मेंढ्यांची लोकर कातरायची असते तेव्हा पाहुणे-भाऊबंद एकमेकांकडे जातात, कातऱ्या घेऊन बसतात, जेवण होतं. काशिनाथ नोकरीत असला तरी कातरणीला रजा टाकून जायचा. बहिणीच्या कळपाला पहिली कातर त्याची असे. त्या वर्षापासून निरोप आला नाही. बिननिरोपाचा तो एकदा गेला, तेव्हा ती त्याला पाणी देऊन आत निघून गेली, असं मी दुसऱ्याकडून ऐकलं.

बदली झाली त्या दिवशी वही मागायला तो आला नाही. मी ती घरी आणली. फाडून टाकण्याचा विचार दोनदा केला.

मग मी निवृत्त झालो. सत्कारात एकाने माझ्या डायऱ्यांचा उल्लेख केला.

गेल्या वर्षी नांदेडला नातीकडे निघालो होतो. वारंगा फाट्यावर बस बदलायची होती. चहाच्या टपरीवर मागून आवाज आला, "साहेब, साखर कमीच पिता का अजून?" काशिनाथ. केस पांढरे, पाठीला थोडा बाक. तो चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला होता. आम्ही बाकावर बसलो. गुडघे, पाऊस, कोण गेलं, कोण आहे. माझी बस आली, मी सोडली. दुसरी आली, तीही सोडली.

"काशिनाथ, ती वही अजून माझ्याकडे आहे."

त्याने बशीतला चहा संपवला. "म्हाईत हाय. दुसरीकडं कुठं जाईल?"

"तेव्हा माझं चुकलं."

"मला सांगून काय करता साहेब? मला तवाच ठाऊक व्हतं. आक्काला सांगा एक डाव. ती अजून समजून राहिली की मी इसरलो."

"तू सांगितलं नाहीस का तिला?"

"सांगितलं ना. ती म्हनली, आपली चूक साहेबावर ढकलून राहिला. मंग मी गप बसलो." तो थोडा हसला. "तुमच्या तोंडून आलं पायजे. तुमी डाक्तर. तुमचं ती ऐकंल."

मी जाईन म्हणालो. त्याने माझ्या मोबाईलमध्ये स्वतःचा नंबर घातला आणि माझाही घेतला.

महिन्याभराने गेलो. सेनगावला बाजारात विचारत फिरलो, दोन जीप बदलल्या आणि दुपारी सोयाबीन निघालेल्या एका रानात जाळीचं कुंपण दिसलं. सून मेंढ्या घेऊन गेली होती. आक्का एकटी, बाभळीच्या सावलीत, कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या खुरातला काटा काढत होती. वही माझ्या पिशवीत होती. तिच्या पानात मी खूण घालून ठेवली होती.

तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "डाक्तर? अजून हाव व्हय तुमी?"

"आहे अजून."

"मला वाटलं गेले. बसा. हे लेकरू धरा जरा, लई हालून राहिलं."

मी कोकरू धरलं. काटा निघाला. तिने शेळीच्या दुधाचा चहा केला, भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. मी जेवलो. मग सुरुवात केली, "आक्का, काशिनाथ मला भेटला होता."

"कसा हाय?"

"बरा आहे. त्या मेंढ्यांचं मला..."

"ते नका काढू," ती म्हणाली. "लई बोलले मी त्याला. बारा-पंधरा वरीस झाले. तुमी तेव्हा त्याची नोकरी वाचवली म्हनतेत लोक. तुमी भले म्हनून त्याची नोकरी टिकली, दुसऱ्या साहेबानं घरी बसवलं असतं. अन् तो गधडा तुमचंच नाव घेत व्हता." तिने कोकराला खाली सोडलं. "मानूस हाय, इसरतो. मेंढरं गेली ती गेली. आता मी तरी किती दिवसाची? तुमी त्याला भेटता ना? मंग त्याला म्हना, आक्कानं माफ केलं. दिवाळी झाली की कातरणी हाय. ये म्हनावं. कातर घेऊन ये म्हनावं."

इथे मला बोलायचं होतं. त्याने काही केलंच नव्हतं, माफ कशाचं करतेस, एवढंच. रानात दुसरं कुणी नव्हतं. घाई नव्हती. मी का बोललो नाही याचं कारण मी पुष्कळ दिवस शोधलं. तिचं मन मोडेल, या वयात तिला धक्का बसेल, अशी बरीच चांगली कारणं सुचली. पण खरं कारण एवढंच की तिने मला भला म्हटलं आणि ते ऐकायला मला बरं वाटलं. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

"सांगतो," मी म्हणालो आणि उठलो.

काशिनाथला फोन केला नाही. तिचा निरोप दिला असता तर त्याला लगेच कळलं असतं की मी तिला काहीच सांगितलेलं नाही. माफी त्यालाच मिळाली आहे. आज करू, उद्या करू म्हणत दिवाळी गेली. कातरणीचे दिवस गेले.

त्यानंतर थंडीत एके सकाळी त्याचाच फोन आला.

"साहेब, आक्का गेली. काल माती झाली."

मी विचारलं काय झालं, कधी झालं. त्याने सांगितलं.

"तुमी गेले व्हते ना तिच्याकडं? सून सांगत व्हती, डाक्तर येऊन गेले म्हनून."

"गेलो होतो."

"सांगितलं ना तिला?"

"हो," मी म्हणालो.

"काय म्हनली?"

"काही नाही. गप्प बसली."

"व्हय. तशीच व्हती ती." मग तो म्हणाला, "कातरणीला बोलावलं न्हाई तिनं. मी वाट पाहिली या साली. पन असू द्या. म्हाईत तरी झालं तिला. लई उपकार झाले साहेब."

यावर मी काहीतरी म्हणालो आणि फोन ठेवला.

नातीला मी दोन्ही चांगले आहेत, जे आवडेल ते घे, असं सांगितलं. तिने ठिपक्यांची कोरी वही घेतली.

काशिनाथ हळू वाचतो, पण वाचतो. हा अंक मी त्याला स्वतः नेऊन देणार आहे, वहीसोबत. वाचून त्याला समाधान होणार नाही, उलट जे मिळालं असं वाटतंय तेही जाईल. हे मला कळतं. तरीही जे झालं ते त्याच्याकडे खरं असलं पाहिजे. काशिनाथ, मी आक्काला काहीही सांगितलं नाही. तिने तुला कातरणीला बोलावलं होतं. कातर घेऊन ये, असं ती म्हणाली होती. तो निरोप माझ्याकडेच राहिला.

आणि तिला जे सांगायचं होतं, ते जीपमध्ये बसून मी पाठ केलं होतं. ते असं होतं : आक्का, काशिनाथ विसरला नव्हता. त्याने मला तीनदा सांगितलं. गेलो नाही तो मी. माफ करायचं असेल तर मला कर, त्याला नको.